हलगी गार हाय

शुक्रवार

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या पोरांनी शनिवारच्या शोला बोलावलं तेव्हा मी एकटाच जाणार होतो. मग बायकोला ऑफिसातून सुट्टी मिळेना, म्हणून लेक बरोबर आली. लेक जाणार म्हटल्यावर दादांनी कुणाला न विचारता आपली पिशवी भरली. दादा म्हणजे माझे वडील. त्यांच्या थोरल्या भावाची, आमच्या आबांची, करोनानंतर भेट झाली नव्हती. तर असा भांडुपचा एक रॅपर लॅपटॉप, हुडी, दुसरीतली मुलगी, तिची रंगपेटी आणि वडिलांची गुडघ्याला चोळायच्या तेलाची बाटली घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये चढला. स्टेजवर मी जी इमेज घेऊन फिरतो तिला हा लवाजमा जरा जडच जातो.

सकाळी कोल्हापुरात उतरलो आणि सरळ मिसळीला गेलो. इथे मिसळीबरोबर पाव येत नाही, ब्रेडच्या स्लाइस येतात, यावर लेकीचा पहिला आक्षेप. तिचा कट वेगळा काढायला सांगितला, वर दही घातलं, तरी नाक वाहायला लागलंच. दादांनी मात्र कट परत मागवला. स्टेशनाबाहेर पाऊल टाकल्यापासून त्यांचं बोलणं बदललं होतं. मुंबईत 'हो, नाही, ठीक आहे' एवढ्यावर दिवस काढणारा माणूस रिक्षावाल्याशी उसाच्या दरावर तावातावाने बोलत होता.

लॉजवर सामान टाकून बिंदू चौकात गेलो, कारण दादांना आधी तिथेच जायचं होतं. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि नातीला सांगितलं, "बाबासाहेब हयात असताना हितं पुतळा उभा केलाय त्यांचा. १९५० साली. शेजारी महात्मा फुले."

लेक म्हणाली, "पप्पा, तू पण जिवंत आहेस. तुझा का नाही?"

दादा एवढे हसले की फुलांच्या टपरीवरची बाई वळून बघायला लागली.

चहा घेताना त्यांनी तिला गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली. अस्पृश्य म्हणून ज्याच्या हातचं पाणी कुणी घेत नव्हतं त्या माणसाला शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि स्वतः सगळ्यांदेखत तिथे चहा प्यायले. रॅपमध्ये याला को-साइन म्हणतात. मोठा कलाकार नव्याच्या शेजारी उभा राहतो, त्याच्या ट्रॅकवर दोन ओळी म्हणतो, आणि नवा पोरगा बाजारात चालायला लागतो. माझ्यासाठी असं कुणी उभं राहिलं नाही, याचं रडगाणं मी एका आख्ख्या मिक्सटेपभर गायलं आहे. छत्रपतीने टपरीवर येऊन कप उचलण्यापेक्षा मोठं को-साइन मात्र मला माहीत नाही.

दुपारी खासबाग. शाहू महाराजांनी बांधलेलं हे कुस्तीचं मैदान १९१२ चं. मधे तांबड्या मातीचा हौदा, भोवती गोल चढत गेलेली बैठक, कुठूनही आखाडा स्पष्ट दिसतो. कुस्त्या नव्हत्या, मैदान रिकामं. लेक पायऱ्यांवरून वर-खाली पळत सुटली. शेजारच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा त्या रात्रीचे व्हिडिओ आम्ही भांडुपच्या घरात बसून पाहिले होते आणि दादा ताटावरून उठून गेले होते. आता ते तिकडे बघतही नव्हते. मैदानाच्या एका कडेला बोट दाखवून म्हणाले, "हलगीवाले त्या अंगाला बसायचे."

एवढंच. पण हलगी हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो.

शनिवार

अंबाबाईच्या देवळात सकाळी मोठी रांग होती. लेकीला भूक, दादांचा गुडघा, म्हणून लांबूनच कळसाकडे बघून चप्पल लाइनमध्ये, म्हणजे चपलांच्या दुकानांच्या गल्लीत, आलो. इथे मी रमलो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये प्राडाने मिलानच्या फॅशन शोत तसल्याच चपला दाखवल्या, कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे बोंब उठल्यावर त्यांनी मूळ भारतातल्या कारागिरांचं असल्याचं मान्य केलं. दुकानदाराला छेडलं तर तो माझ्या पायाचं माप घेता घेता म्हणाला, "नाव घ्या की आमचं. नाव घेतल्यावर गिऱ्हाईक आपसूक येतंय."

हे ऐकून मला हसावं की गप्प बसावं कळेना, कारण माझा सगळा धंदाच दुसऱ्याचा तुकडा उचलण्यावर उभा आहे. ११ ऑगस्ट १९७३ ला न्यू यॉर्कच्या ब्राँक्समध्ये, १५२० सेजविक अॅव्हेन्यू या इमारतीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेचे नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क, आणि सिस्टीम वडिलांनी विकत आणलेली. लोक नाचायचे ते गाण्यातल्या ब्रेकवर, जिथे बाकीची वाद्यं थांबतात आणि नुसता ड्रम उरतो. हर्कने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तुकडा लांबवत नेण्याची शक्कल काढली. हिप-हॉपचा जन्म म्हणून आम्ही ती तारीख साजरी करतो. बापाच्या सिस्टीमचा उल्लेख सहसा कुणी करत नाही. मीही आजवर केला नव्हता.

दुसरी बाजूही आहे. १९६९ साली द विन्स्टन्स या बँडच्या एका रेकॉर्डवर ग्रेगरी कोलमन या ड्रमरने चार बारचा, म्हणजे ठेक्याच्या चार आवर्तनांचा, तुकडा वाजवला. जेमतेम सहा-सात सेकंद. पुढे तो हजारो गाण्यांत कापून लावला गेला. जगात सर्वात जास्त सॅम्पल झालेल्या तुकड्यांत त्याची गणना होते. कोलमनला त्यातून काही मिळालं नाही. २००६ मध्ये तो गेला तेव्हा त्याला घर नव्हतं. बीट बनवायला बसलेल्या प्रत्येक पोराला मी हे सांगतो, आणि सांगून झालं की आम्ही सगळे पुन्हा तुकडे कापायला बसतो.

चप्पल घेतली. करकर वाजते. लेकीने तिच्यावर लगेच बीटबॉक्सिंग केलं.

संध्याकाळचा शो. हॉल छोटा, पोरं खच्चून. साउंड करणाऱ्या मुलाने मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्याकडे तोंड केलेला स्पीकर, असा लावला होता की मला माझा आवाज सोडून सगळं ऐकू येत होतं. लेक पहिल्या रांगेत, आयोजक मुलींच्या मध्ये. दादा शेवटच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी. त्यांनी मला स्टेजवर कधीच पाहिलं नव्हतं. मी कधी बोलावलंही नव्हतं.

लेक ऐकणार म्हणून शिव्या गाळायचं ठरवून गेलो होतो. त्या जागी नुसता श्वास घ्यायचा आणि पुढच्या ओळीवर जायचं. कोल्हापूरच्या पोरांना हे मान्य नव्हतं. मी जिथे जिथे गप्प बसलो तिथे तिथे शे-दीडशे गळ्यांनी ती शिवी माझ्यासाठी भरून दिली, तीही बरोबर टायमिंगवर. एक पोरगा वर ओरडला, "भावा, नाद खुळा!" मी लेकीकडे बघायचं टाळलं.

मग ते गाणं आलं. ज्याने माझं नाव झालं ते. त्याच्या हुकमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या भागात, हलगी आहे, पैसे भरून घेतलेल्या साउंड पॅकमधली, आणि दुसऱ्या अंतऱ्यात एक ओळ आहे: 'बाप माझा मुका, त्याचं कर्ज माझ्या जिभेवर'. रॅपमध्ये बाप बहुतेक वेळा गायब असतो. टाकून गेलेला, तुरुंगात असलेला, कधी न पाहिलेला. माझा बाप रोज रात्री घरी यायचा. ७३ साली गाव सोडून आला, गिरणीत लागला, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्याची गिरणी त्याच्यासाठी पुन्हा उघडलीच नाही. मग वॉचमन. डबल ड्यूटी करून यायचा, जेवायचा, माझी वही उलटी-सुलटी बघायचा, झोपायचा. यात गाण्याला पुरेल एवढा राग नव्हता, पण राग तर मला हवा होता. वीस वर्षांच्या पोराला बीट मिळाली की तो राग शोधायला घरातच जातो.

ती ओळ आली. नेहमीसारखी म्हटली. शेवटच्या रांगेत अंधार होता.

शो संपल्यावर लॉजकडे चालत येताना लेक म्हणाली, "पप्पा, तू जे गाळलंस ना, ते सगळ्यांना पाठ होतं."

"तुला?"

"मला कधीपासून."

दादा आमच्या मागून येत होते. रस्ता ओलांडताना त्यांनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या गाण्यातली हलगी गार हाय."

"काय?"

"तापवलीच न्हाई कुणी. 'ठाण्' वाजाय पायजे तितं 'थप्प' वाजतीया."

"दादा, ते कॉम्प्युटरमधलं आहे."

"मग कॉम्प्युटर तापव."

रात्री बराच वेळ झोप लागली नाही. त्यांनी गाणं ऐकलं होतं. आज नाही, आधीपासून. हलगी गार आहे हे कळायला ते नीट ऐकावं लागतं, आणि नीट ऐकणाऱ्याला दुसरा अंतराही ऐकू येतो.

रविवार

गाव कागल तालुक्यात. महामार्ग सोडून आत वळलं की रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांचं राज्य. दोन-दोन ट्रॉल्या, वर स्पीकर, ओव्हरटेक करायची सोय नाही. कडेला एका गुऱ्हाळावर थांबलो. काहिलीत रस उकळत होता, वर मळी येत होती, ती काढणाऱ्याने लेकीला लाकडी पट्टीवर गरम काकवी दिली. तिने बोट भाजून घेतलं आणि परत मागितली.

आबा दारात बसले होते. ऐंशीच्या पुढचे, कानात भिकबाळी, आवाज खणखणीत. दादांना बघून उठले नाहीत. म्हणाले, "आलास व्हय? बस." दोघं भाऊ ओसरीवर बसले आणि पाऊणेक तास म्हशी, दवाखाना, कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं यावर बोलले. जेवायला तांबडा-पांढरा रस्सा होता. लेकीने पांढरा वाटीला तोंड लावून प्यायला आणि चुलतीने तिला वारस जाहीर केलं.

भिंतीला खुंटीवर दोन हलग्या टांगलेल्या. लेकीचं लक्ष पहिल्यापासून तिकडेच होतं. "आबा, ते वाजवता?"

आबांनी चुलत भावाला हाक मारली. परसात पाचटाचा जाळ केला. हलगीचं कडं दोन्ही हातांनी धरून आबा ती आगीवर फिरवायला लागले, कातडं खाली, एका जागी थांबू न देता. मधेच बोटाने टिचकी मारून बघायचे, परत फिरवायचे. आवाज चढत गेला. आधी ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा होता, मग त्याला कडा आल्या, आणि शेवटच्या टिचकीला अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. आबांनी ती खांद्याला अडकवली, एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक लवचिक काडी. कुस्तीची लय धरली. सुरुवातीला सावकाश, पैलवान हात मिळवतात तशी, मग खडाखडी, मग एकदम दुप्पट. मी सवयीने मांडीवर बार मोजत होतो. चाराचा हिशेब बसतो, पण काडीचा ठोका बीटच्या किंचित मागे पडतो आणि तिथेच ती डुलते. माझ्या लॅपटॉपवर सगळे ठोके ग्रिडला, म्हणजे आधीच आखलेल्या रेघांना, चिकटवलेले असतात. दादा म्हणत होते ते नुसतं तापवण्याबद्दल नव्हतं.

मी आबांना माझं गाणं ऐकवलं. पूर्ण ऐकलं त्यांनी, डोळे मिटून. हलगीवर काही बोलले नाहीत. म्हणाले, "मुका? ह्यो?" आणि दादांकडे हनुवटी केली. "आरं, गावात दवंडी ह्योच द्यायचा. मी हलगी वाजवायचो, ह्यो बोलायचा. पार वेशीपतोर आवाज जायचा."

मी दादांकडे बघितलं. ते जाळातलं पाचट सारखं करत होते.

मागाहून तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. हलगी वाजवणं आणि दवंडी देणं हे आमच्या घराकडे चालत आलेलं काम. लग्न, मयत, जत्रा, पाटलाचा निरोप. "वाजवायला सांगायचे," दादा म्हणाले. "वाजवणार का, असं न्हाई कुणी इचारलं." दादांचे आजोबा मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेला चालत गेले होते, जिथे शाहू महाराजांनी लोकांना सांगितलं की आंबेडकर हे तुमचे पुढारी. परत आल्यावर त्यांनी घरात बजावलं, की हे काम एक दिवस सोडायचं. तो दिवस यायला पन्नासहून जास्त वर्षं लागली. बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. विहिरी आटलेल्या. पाटलाचा माणूस निरोप घेऊन आला, की आपल्याच वस्तीने अमुक विहिरीवर पाण्याला यायचं नाही, याची दवंडी द्यायची. दादा सोळा वर्षांचे.

"दिली?" मी विचारलं.

"दिली की. आबा वाजवत हुता, मी बोललो. आमच्याच आळीत, आमच्याच आईपुढं." थोडं थांबून, "मग मुंबईला गेलो."

आबा गावात राहिले. मयतीला आणि वाड्यावर वाजवणं त्यांनीही बंद केलं, पण हलगी सोडली नाही. कुस्त्यांना जायला लागले, सुपारी ठरवून, पैसे आधी घेऊन. आता हलगीच्या साथीला पोरगा घुमकं वाजवतो, पुतण्या कैताळ, आणि १४ एप्रिलला यांचा ताफा आधीच बुक असतो. "ह्याला राग हाय हलगीचा," आबा म्हणाले. "मला न्हाई. मला राग सांगणाऱ्याचा हुता."

ब्राँक्समधल्या त्या पार्ट्यांत हर्कबरोबर कोक ला रॉक माइकवर असायचा. आलेल्या मित्रांची नावं घ्यायचा, हाका मारायचा, लोकांना सावध करायचा. एमसीचं, म्हणजे माइकवर बोलणाऱ्याचं, मूळ काम तेवढंच, ठेका चालू असताना लोकांपर्यंत निरोप पोचवणं. माझ्या बापाने ते काम माझ्या आधी केलं होतं, १९७३ मध्येच, आणि त्याच वर्षी टाकूनही दिलं होतं. हे मी दादांना सांगितलं नाही. त्यांना ब्राँक्सशी देणंघेणं नाही.

तोवर लेक आबांच्या पुढ्यात जाऊन बसली होती. तिच्या खांद्याला हलगी फार मोठी, म्हणून आबांनी ती पाटावर उभी धरली. तिने दादांना विचारलं, "आजोबा, मी वाजवू?"

दादांनी लगेच उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "तुला वाजवायची हाय का?"

"हो."

"मग टिपरू आसं न्हाई धरायचं." आणि उठून तिच्या मागे बसले, तिची बोटं सोडवली, अंगठा वर घेतला. मी आयुष्यात त्यांच्याकडून अभ्यासाच्या वहीपलीकडे काही शिकलो नव्हतो. खोटं कशाला बोलू, मला पोरीचा हेवा वाटला.

सोमवार

रंकाळ्यावर सकाळी एक चक्कर, लेकीसाठी घोडा, माझ्यासाठी भडंग.

राजारामपुरीतल्या पोरांपैकी एकाकडे घरातच स्टुडिओ आहे. भिंतीला गाद्या, खिडकीला ब्लँकेट, माइक मात्र चांगला. आबा, चुलत भाऊ आणि पुतण्या दहाच्या एसटीने आले. हलगी तापवायला जागा नव्हती, म्हणून बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये वर्तमानपत्रं पेटवली. सोसायटीचा वॉचमन धावत आला. दादांनी त्याला बाजूला घेतलं, स्वतःच्या बावीस वर्षांच्या वॉचमनकीचा दाखला दिला, आणि पाच मिनिटांत तो वॉचमन स्वतःच रद्दी आणून देत होता.

पहिल्या टेकला मीटर लाल, आवाज फाटला. दुसराही. छोट्या खोलीत तापलेली हलगी कुठल्याही लेव्हलला बसेना. शेवटी आबांना जिन्यात उभं केलं, माइक दाराच्या आत ठेवला आणि मधे अर्धवट उघडं दार. तेव्हा तो आवाज आला. हलगी थंड व्हायला लागली की दर दोन टेकनंतर खाली पार्किंगमध्ये पळायचं. लय धरायला कानात क्लिक लावलं तर आबा चिडले, "ह्यो मधनं कोण टकटक करतोय?" मग क्लिक काढलं आणि दादांनी जिन्याच्या कठड्यावर हाताने लय दिली. एकदाही पुढे गेले नाहीत, मागे पडले नाहीत.

मी विचारून बघितलं, "दादा, सुरुवातीला दवंडी द्याल? दोनच ओळी. काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

"न्हाई," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या अंतऱ्यातली ओळ तेवढी काढून टाकली. तिच्या जागी अजून काही सुचलेलं नाही. तिथे सध्या नुसती हलगी चालते आणि खरं सांगायचं तर तिथेच गाणं सर्वात बरं वाटतं.

हिशेब स्टेशनवर झाला. आबा लाजत होते, "घरच्या पोराकडनं काय घ्यायचं!" दादांनी त्यांना गप्प केलं. कुस्तीच्या मैदानाची सुपारी किती, गाणं किती वर्षं वाजणार, लोकांनी पैसे देऊन ऐकलं तर आबांना काय, हे सगळं त्यांनी मला प्लॅटफॉर्मवर उभं करून विचारलं. गिरणी कामगार युनियनच्या सभांना हा माणूस नुसता मागे बसून राहत नसणार, हे तेव्हा लक्षात आलं. नाव कुठे येणार हेही विचारलं. म्हटलं, "हलगी म्हणून आबांचं नाव येईल, माझ्या नावाखाली."

"खाली का?" लेकीने विचारलं.

"शेजारी," मी म्हणालो.

गाडी मिरज सोडायच्या आत चुलत भावाचा क्यूआर कोड आला. अॅडव्हान्स टाकला. दादांनी फोन मागून घेतला, चष्मा लावला, आकडा दोनदा वाचला.

"हे आबाचं झालं," ते म्हणाले. "घुमकंवाल्याचं?"